आग्या, सातेरी, फुलोरी, पोया: मध कसा पारखायचा

मधाच्या बाटलीवर माशीचे नाव आले की भाव चढतो. "आग्याचा आहे, जंगलातला" असे म्हटले की घेणारा पुढे काही विचारत नाही. पोयाचा पातळ, आंबटसर मध हातात पडला, तर तोच माणूस "यात पाणी घातलंय" म्हणून बाटली परत करतो. दोन्हीकडे चूक एकच आहे. माशीच्या नावावरून मध चांगला की वाईट हे ठरत नाही. पोळे कुठे होते, मध कसल्या घरांत साठवला होता आणि म्हणून त्यात काय काय तपासून पाहिले पाहिजे, एवढेच माशीची जात सांगते. रंग मुख्यतः फुलांमुळे येतो. पाणी पोळ्याची जागा, हवा आणि मध काढण्याची वेळ यांवर ठरते. गढूळपणा बहुतेक वेळा काढणाऱ्याच्या हातून येतो. हे तीन धागे वेगळे करता आले, की साध्या वजनकाट्यावर आणि एका छोट्या उपकरणावर बरेच काही कळते.

चार माश्या आणि त्यांची साठवण

आग्या (एपिस डोर्साटा) उघड्यावर, उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याच्या कपारीखाली एकच मोठे पोळे लटकवते. ते एक मीटरहून रुंद असू शकते. मध वरच्या बाजूला, आधाराजवळच्या जाड भागात असतो आणि त्याच्या खाली पराग, अळ्या आणि कोश. एका मोहोळातून कित्येक किलो मध मिळतो, म्हणून जंगलातल्या मधाचा मोठा वाटा आग्याचाच असतो. पण पोळे उघडे असल्याने ते जंगलाच्या दमट हवेत श्वास घेत असते. शिवाय एकच पोळे असल्यामुळे मध आणि अळ्या अगदी शेजारी असतात. आग्याच्या मधातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

सातेरी (एपिस सेराना इंडिका) झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, वारुळात समांतर पोळी बांधते. आपल्याकडच्या माश्यांत पेटीत नीट नांदणारी हीच. वरच्या कोठीतल्या चौकटी काढून मधयंत्रात फिरवल्या की मध बाहेर येतो, पोळी शाबूत राहते आणि अळ्यांना धक्का लागत नाही. सातेरी झाडांचा डिंक गोळा करत नाही, म्हणून तिच्या मधाला डिंकाचा वास नसतो. एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो आणि तो जागा व फुलोऱ्याप्रमाणे खूप बदलतो.

फुलोरी (एपिस फ्लोरिया) झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढे एकच पोळे करते. मध काटकीच्या भोवती, वरच्या फुगीर भागात असतो. मुंग्या येऊ नयेत म्हणून काटकीच्या दोन्ही बाजूंना ती चिकट डिंकाचे वेढे घालते. मिळणारा मध बहुधा काहीशे ग्रॅम.

पोया (टेट्रागोन्युला इरिडिपेनिस) ही डंख नसलेली, डासापेक्षा जेमतेम मोठी दिसणारी माशी. शास्त्रीय अर्थाने ती एपिस प्रजातीतली मधमाशी नाही, पण मध करते आणि तो विकला जातो, म्हणून ती या यादीत हवीच. ती षटकोनी घरे बांधत नाही. मेण आणि झाडांचा डिंक एकत्र मळून छोटी मडकी करते आणि त्यांत मध भरते. पराग ठेवायला तिची वेगळी मडकी असतात.

पेट्यांमधून मोठ्या प्रमाणात येणारा मध मेलिफेरा या युरोपीय माशीचा असतो. ती १९६२ मध्ये हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे भारतात स्थिरावली. मधाविषयीच्या आपल्या बहुतेक अपेक्षा आणि मानकांतल्या अनेक मर्यादा तिच्या मधावरून घडल्या आहेत. देशी माश्यांचा मध त्याच मापाने मोजला जातो, तिथून घोळ सुरू होतो.

पहिली पायरी: बाटली उघडण्याआधी नोंद करा

एक चिठ्ठी लिहा. त्यावर माशी कोणती, मध कुठला, काढल्याची तारीख, तेव्हा आसपास काय फुलले होते, पोळ्यातली किती घरे मेणाने बंद होती आणि मध कसा काढला हे असू द्या. मध काढण्याच्या तीन रीती ओळखा. यंत्रात फिरवलेला, पोळे कापून चाळणीवर निथळलेला आणि हाताने पिळलेला. विकणाऱ्याला तारीख आणि रीत सांगता येत नसेल, तर माशीच्या नावावर तरी भरवसा का ठेवायचा? चव घेऊन किंवा डोळ्यांनी पाहून माशीची जात ओळखता येत नाही. परागकणांच्या तपासणीतूनही फूल कळते, माशी खात्रीने कळत नाही. म्हणून ही चिठ्ठी महत्त्वाची.

नमुना अडीचशे ग्रॅमचा घ्या, कोरड्या काचेच्या बाटलीत. डब्यातून घेताना आधी लाकडी किंवा स्टीलच्या कोरड्या दांड्याने तळापासून हलक्या हाताने ढवळा, कारण पातळ मध वर आणि जड मध खाली बसतो. फक्त वरचा चमचा घेतला तर पाणी जास्त दिसेल आणि तळाचा घेतला तर कमी. मध थिजलेला असेल तर बाटली ४० अंश सेल्सिअसच्या आतल्या कोमट पाण्यात ठेवून सावकाश सैल करा. पातेले थेट आचेवर ठेवू नका.

दुसरी पायरी: पाणी

मधाच्या भौतिक गुणांत एकच तपासायची मुभा असेल, तर मी पाणी तपासीन. घट्टपणा, घनता, थिजणे, आंबणे हे सगळे त्याच्याशी बांधलेले आहे.

मधात नैसर्गिक यीस्ट असते. पाणी सुमारे १७ टक्क्यांच्या आत असेल तर ते वाढू शकत नाही. २० टक्क्यांच्या वर गेले की मध आंबण्याचा धोका कायमचा डोक्यावर राहतो. आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची कमाल मर्यादा २० टक्के आहे. आता देशी माश्यांकडे पाहा. सातेरीचा पूर्ण बंद पोळ्यातला मध कोरड्या दिवसांत १८-१९ टक्क्यांवर येतो, पण दमट डोंगरपट्ट्यात तोच २१-२२ वर थांबतो. आग्याचा मध २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान सापडणे अगदी नेहमीचे आहे. पोयाचा तर २५ ते ३० टक्के. म्हणजे एक थेंबही पाणी न घालता देशी मध मर्यादेबाहेर जाऊ शकतो. याचा अर्थ भेसळ असा नाही. पण तो मध शेल्फवर वर्षभर ठेवण्याजोगा नाही, हेही तितकेच खरे.

पाणी मोजायला मधाचा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून पाणी सांगणारे हातात धरायचे उपकरण) घ्या. साधा फळांच्या रसाचा चालत नाही, कारण त्याची पट्टी फार खाली संपते. काचेवर मधाचा एक थेंब ठेवा, झाकण दाबा आणि अर्धा मिनिट थांबा. उजेडाकडे धरून डोळा लावला की वर निळा आणि खाली पांढरा भाग दिसतो. दोघांमधली रेघ पट्टीला जिथे कापते, तिथले पाण्याचे टक्के वाचा. रेघ धूसर, पिसासारखी दिसली तर मधात साखरेचे बारीक कण किंवा हवेचे बुडबुडे आहेत. ते वाचन टाकून द्या, मध सैल करून पुन्हा थेंब घ्या.

यात तीन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिले, उपकरण नीट लावलेले नसते. मधाच्या पट्टीवर साधे पाणी दिसतच नाही, म्हणून शुद्ध ऑलिव्ह तेलाचा थेंब वापरा. ब्रिक्स (द्रावणातल्या साखरेच्या टक्क्यांच्या) पट्टीवर तो साधारण ७१ ते ७२ दाखवला पाहिजे. दुसरे, ब्रिक्स ८० आले म्हणून पाणी २० टक्के असे धरतात. तसे होत नाही. ब्रिक्स साखरेच्या द्रावणासाठी आहे, मधात ८० ब्रिक्स म्हणजे पाणी साधारण साडेअठरा टक्के. तिसरे तापमान. आपोआप दुरुस्ती नसलेले उपकरण २० अंशांसाठी बनवलेले असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशामागे पाणी सुमारे ०.०९ टक्के जास्त दाखवते. उन्हाळ्याच्या दुपारी ३५ अंशांवर वाचले तर जवळजवळ १.४ टक्क्यांची चूक होते. चांगला १९ टक्क्यांचा मध तिथल्या तिथे नापास ठरतो. दुरुस्ती करणारी उपकरणेही बहुधा ३० अंशांपर्यंतच विश्वासाची असतात. सकाळी, सावलीत, मध आणि उपकरण तासभर शेजारी ठेवून मगच वाचा.

पोयाच्या मधासाठी ही पट्टी अनेकदा कमी पडते, कारण ती सहसा २७ टक्क्यांवर संपते. तिथे बाटली आणि वजनकाटा कामी येतो.

तिसरी पायरी: बाटली आणि वजनकाटा

अरुंद तोंडाची बाटली घ्या आणि मानेवर एक खूण करा. रिकामी, खुणेपर्यंत पाणी भरून आणि खुणेपर्यंत मध भरून, अशी तीन वजने करा. समजा रिकामी बाटली ६२ ग्रॅम, पाण्यासह १६७ आणि मधासह २०९. पाणी १०५ ग्रॅम, मध १४७ ग्रॅम. १४७ भागिले १०५ म्हणजे १.४०. ही झाली सापेक्ष घनता. २० अंशांच्या आसपास १.४२ आले तर पाणी १८ टक्क्यांजवळ, १.४० तर २० जवळ आणि १.३७ तर २५ च्या जवळ असते.

इथे काटा बारकाईचा हवा. वरच्या उदाहरणात मधाचे वजन एका ग्रॅमने चुकले, तर घनतेत एक शतांश फरक पडतो आणि पाण्याच्या हिशेबात दीड टक्का. एकतर दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, नाहीतर अर्ध्या लिटरची बाटली वापरा. मोठ्या बाटलीत तीच चूक पाचव्या हिश्शावर येते. बुडबुडे बसू द्या, घाई करू नका. घट्ट मध भरल्यावर मी बाटली रात्रभर तशीच ठेवतो आणि सकाळी खुणेपर्यंत भर घालतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मानकात २७ अंशांवर सापेक्ष घनता किमान १.३५ हवी असे म्हटले आहे. ही अट खूप सैल आहे. पाणी २५ टक्के असलेला मधही तिच्यातून सहज पार होतो. अहवालात "घनता: योग्य" एवढेच दाखवून कोणी मध दाट असल्याचे सांगत असेल, तर पाण्याचा आकडा मागा.

चौथी पायरी: वाहण्याची तपासणी

दाटपणाची तुलना करायला दोन सारख्या बाटल्या हव्यात. दोन्हींत वरची मोकळी जागा सारखी आणि तापमान एकच ठेवा. झाकण लावून बाटल्या एकाच वेळी उलट्या करा आणि हवेचा बुडबुडा वर पोहोचायला लागलेले सेकंद मोजा. सातेरीच्या कोरड्या मधात तो सावकाश, गोल टोपीसारखा चढतो. पोयाच्या मधात तो लगेच वर येतो. तापमान थोडे वाढले तरी मध झपाट्याने सैल होतो, म्हणून एक बाटली उन्हात आणि दुसरी फडताळात ठेवून केलेली तुलना निरर्थक आहे.

घट्ट म्हणजे उत्तम असे मात्र धरू नका. सह्याद्रीतल्या कारवीचा मध पाहा. कारवी सात वर्षांनी एकदा डोंगरभर फुलते आणि त्या वर्षी सातेरीच्या पेट्यांमध्ये तिचा मध येतो. तो स्थिर असताना जेलीसारखा घट्ट राहतो आणि ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा घट्ट. त्यामुळे यंत्रातून तो चटकन सुटत नाही. पहिल्यांदा हाताळणाऱ्याला वाटते, पोळ्यात काहीतरी बिघडले आहे. या मधाची साखरही निराळी आहे. आपल्या मानकात कारवीला चक्क वेगळी ओळ आहे: इतर मधाला सुक्रोज (साधी उसाची साखर) ५ टक्क्यांपर्यंत, कारवीला १० पर्यंत. इतर मधात क्षपणकारी साखर (मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज) किमान ६५ टक्के हवी, कारवीला ६० पुरते. एका स्थानिक झुडपाने राष्ट्रीय मानकात आपली ओळ मिळवली, याचे मला फार अप्रूप वाटते. पोयाच्या मधालाही असाच स्वतंत्र विचार मिळायला हवा.

पाचवी पायरी: रंग, वास, चव

रंग पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात, एकाच जाडीच्या काचेत पाहा. प्रयोगशाळेत तो फंड (Pfund) नावाच्या मोजपट्टीवर मिलिमीटरमध्ये मोजतात. गडद रंगाच्या मधात साधारणपणे खनिजे जास्त असतात आणि त्याची विद्युत वाहकताही जास्त येते. पण जुना आणि तापवलेला मधही गडद होतो. जांभळाच्या हंगामातला ताजा मध गडद असणे स्वाभाविक. मोहरीचा मध तसाच गडद दिसला तर शंका घ्या. फूल माहीत नसेल तर रंग काही सांगत नाही, म्हणून पहिल्या पायरीतली चिठ्ठी पुन्हा हातात घ्या.

वासासाठी बाटली तासभर बंद ठेवून उघडा आणि पहिल्या श्वासात जे येईल ते लिहा. ताडीसारखा आंबूस वास म्हणजे आंबायला सुरुवात. धुराचा वास म्हणजे आग्या उठवताना जाळ जास्त झाला. करपलेल्या साखरेचा वास म्हणजे मध तापवला आहे. डिंकाचा, राळेसारखा वास पोयाच्या मधात यायलाच हवा, कारण त्याची मडकीच डिंकाची असतात. तोच वास सातेरीच्या म्हणवल्या जाणाऱ्या मधात आला, तर विकणाऱ्याला प्रश्न विचारा.

चवीत पोया वेगळा उठून दिसतो. गोड कमी, आंबट जास्त, मागे किंचित कडवटपणा. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये डंख नसलेल्या माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज ही साखर मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखवले. तिने रक्तातली साखर सावकाश वाढते. ते नमुने ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि ब्राझीलमधल्या माश्यांचे होते, आपल्या पोयाचे नव्हते. म्हणून मधुमेह असलेल्याला हा मध निर्धास्त खा असे सांगणे चुकीचे ठरेल. आणि माशी कोणतीही असो, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही.

सहावी पायरी: साखर धरणे

मध थिजला की लोक साखरेची भेसळ समजतात. वास्तविक थिजणे हे ग्लुकोजचे काम. ग्लुकोजचे पाण्याशी प्रमाण २.१ च्या वर असेल तर मध लवकर थिजतो. १.७ च्या खाली असेल तर दीर्घकाळ पातळ राहतो. मोहरीच्या मधात ग्लुकोज जास्त, म्हणून तो काही आठवड्यांत पांढरा होतो. पाणी जास्त असलेला आग्याचा मध अनेकदा पातळच राहतो, आणि "बघा, थिजत नाही, अस्सल आहे" असे त्याचे कौतुक होते. न थिजण्याचे कारण तिथे जास्तीचे पाणी असते.

थिजण्याची पद्धत पाहा. १४ अंशांच्या आसपास ती सर्वांत जलद होते, म्हणून नमुन्याची छोटी बाटली थंड जागी ठेवून महिनाभर पाहता येते. बारीक, लोण्यासारखा एकजीव थिजला तर काळजी नाही. तळाला खडे आणि वर पातळ थर असे दोन भाग झाले, तर सावध व्हा. खडे बनताना ग्लुकोज बाहेर पडते आणि उरलेल्या पातळ भागात पाण्याचे प्रमाण वाढते. १९ टक्क्यांचा मधही अशा वेळी वरच्या थरात आंबायला लागतो. तो हलका कोमट करून, एकजीव ढवळून आधी संपवा.

घरगुती परीक्षांचे काय

पाण्यात थेंब टाकून तळाशी जातो का पाहणे, नखावर ठेवणे, काडी बुडवून पेटवणे, कागदावर डाग बघणे. या सगळ्यांत फार तर मध किती दाट आहे एवढे कळते. दाट साखरपाक या प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि पोयाचा अस्सल मध प्रत्येकात नापास. इतकी वर्षे आपण चोराला सोडून सावाला पकडत आलो आहोत. या परीक्षा सोडून द्याव्यात, असे मी आग्रहाने सांगतो.

साखरेची भेसळ प्रयोगशाळेतच कळते, तीही एका चाचणीने नाही. ऊस आणि मक्याच्या साखरेसाठी कार्बन समस्थानिकांची (कार्बनच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची) चाचणी आहे, त्यात अशा साखरेची मर्यादा ७ टक्क्यांची. तांदूळ किंवा बीटपासून केलेला पाक या चाचणीत सापडत नाही, कारण त्या वनस्पतींचा कार्बन फुलझाडांच्या कार्बनसारखाच असतो. त्यासाठी एनएमआरसारख्या (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची ओळख पटवणाऱ्या) तपासण्या लागतात. प्रयोगशाळेत पाठवताना पाणी, एचएमएफ आणि डायस्टेज (हे दोन उष्णतेचा माग देतात, पुढच्या पायरीत पाहू), सुक्रोज आणि फ्रुक्टोज-ग्लुकोजचे प्रमाण हे आकडे मागा. शेवटचे प्रमाण मानकात ०.९५ ते १.५० आहे.

सातवी पायरी: उष्णतेचा हिशेब

एचएमएफ हे मध तापल्यावर आणि जुना झाल्यावर साखरेपासून बनणारे द्रव्य. ताज्या मधात ते अगदी थोडे असते, आपली मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम. त्यातले ४० मिलिग्रॅम बनायला किती वेळ लागतो ते पाहा: ३० अंशांवर पाच ते आठ महिने, ४० अंशांवर २० ते ५० दिवस, ५० अंशांवर साडेचार ते नऊ दिवस, ७० अंशांवर ५ ते १४ तास. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर ठेवलेला, आचेला न लागलेला मधसुद्धा पावसाळ्यापर्यंत त्या मर्यादेला टेकू शकतो. म्हणून "कच्चा मध" एवढे शब्द पुरत नाहीत, तो कुठे ठेवला होता हेही विचारा. डायस्टेज या विकराचे आयुष्यही उष्णतेने असेच घटते. मानकात ते किमान ३ हवे.

जास्तीचे पाणी उडवायला मध उकळणाऱ्यांना याच आकड्यांनी उत्तर द्यावे लागते. पाणी कमी करायची योग्य वेळ मध काढण्याआधीची. सातेरीच्या चौकटीतली किमान तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याशिवाय ती यंत्रात घालू नका. उघड्या घरांच्या चौकटी आडव्या धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर मध पिकलेला नाही. पाऊस तोंडावर आला असेल, तर बंद खोलीत हवा कोरडी करणारे यंत्र लावून चौकटी एक-दोन दिवस ठेवा आणि मगच मध काढा.

आग्या आणि फुलोरीचा मध काढताना

आग्याचे अख्खे पोळे कापून, अळ्या-कोशांसकट पिळण्याची पद्धत अजून चालू आहे. त्या मधात अळ्यांचा रस, पराग, मेण आणि कच्चा मध सगळे एकत्र येते. माझ्याकडे एकदा एकाच मोहोळाचे दोन नमुने आले. एक पिळलेला, एक फक्त वरचा मधाचा भाग कापून जाळीवर निथळलेला. पहिल्या दिवशी दोघांचे पाणी जवळजवळ सारखे होते. तिसऱ्या आठवड्यात पिळलेल्या बाटलीवर बोटभर फेस चढला, झाकण उघडताच फुस्स आवाज आला आणि खाली करडा गाळ बसला होता. निथळलेली बाटली स्वच्छ होती. फरक पडला तो फक्त हातामुळे.

म्हणून फक्त मधाचा भाग कापावा, अळ्यांचा भाग झाडावर तसाच राहू द्यावा, म्हणजे माश्या टिकतात आणि तिथे पुन्हा मध साठवतात. जाळ करून मोहोळ उठवणे माश्यांच्याही जिवावर येते आणि मधाच्या वासावरही. संरक्षक पोशाख, दोर आणि धुराडे घेऊन हे काम करणाऱ्या प्रशिक्षित मंडळींकडूनच मध घ्या. शिक्षण नसताना आग्याच्या वाटेला जाऊ नका, त्याचे डंख जिवावर बेततात. प्रशिक्षणासाठी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये "मधाचे गाव" झाले, तिथे पेट्यांचे काम पाहायला मिळते.

फुलोरीबाबत वरचा फुगीर भाग कापून खालचे पोळे काटकीला पुन्हा बांधून ठेवता येते. मध इतका थोडा असतो की तो न काढणेच मला बरे वाटते. पोयाच्या वसाहतीत मधाची मडकी एकेक टोचून स्वच्छ सिरिंजने मध ओढा. परागाची मडकी चुकूनही फोडू नका, एका मडक्याने सगळा मध गढूळ होतो.

साठवण आणि राखून ठेवलेली बाटली

मध हवेतले पाणी ओढतो. हवेची आर्द्रता ६० टक्के असेल तर मध सुमारे १८.३ टक्के पाण्यावर स्थिरावतो, ७० टक्के असेल तर २४ च्या पुढे जातो. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर उघडी राहिलेली बरणी किती पाणी पीत असेल याचा अंदाज यावरून येईल. गाळणी, भांडी, बाटल्या उन्हात पूर्ण कोरड्या करूनच वापरा, काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. गाळलेला मध दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वर आलेला फेस आणि मेण काढून टाका. आग्याचा २२ टक्क्यांच्या वरचा मध आणि पोयाचा सगळा मध फ्रीजमध्ये ठेवा. पोयाच्या बाटलीत थोडा फेस येणे त्याच्या स्वभावात आहे. वास स्वच्छ आंबट असेल तर तो खाण्याजोगा असतो. कुबट किंवा दारूसारखा उग्र असेल तर टाकून द्या.

प्रत्येक खेपेतली एक बाटली सीलबंद करून चिठ्ठीसह अंधारात ठेवा आणि पावसाळा संपल्यावर उघडा. उघडताना आवाज ऐका, वर फेस आहे का पाहा, तळाशी कण आहेत का पाहा, पाण्याचा आकडा पुन्हा वाचा आणि तो चिठ्ठीवर पहिल्या आकड्याखाली लिहा. सलग दोन-तीन हंगाम असे केले, की कोणत्या मोहोळाचा, कोणत्या महिन्यातला, कोणाच्या हातचा मध टिकतो, हे त्या चिठ्ठ्यांवरच वाचता येते. पुढच्या वर्षीची मागणी त्या माणसाकडे नोंदवा.